कडा पसरलेली, टाकली

माझं काम जिवाणूंना जेवू घालण्याचं. एकतीस वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या संशोधकांना वाटतं की प्रयोगशाळा त्यांच्या डोक्यावर चालते. वाटू दे बापड्यांना. माझी खोली एक दिवस बंद राहिली की सगळे जिन्यात हात चोळत उभे असतात. अगार, म्हणजे जिवाणूंचं जेलीसारखं अन्न, मी उकळते, प्लेटा मी ओतते, ऑटोक्लेव्ह नावाचा तो कमरेएवढा प्रेशर कुकर मी लावते. आणि दर सोमवारी सकाळी बेचाळीस जातींचे जिवाणू जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर मीच हलवते, कारण अन्न संपलं की ते मरतात, आणि ते मेले की कुणाची तरी पाच-सहा वर्षं वाया जातात.

काम सोपं दिसतं. तारेचं टोक ज्योतीत लाल करायचं, गार होऊ द्यायचं, जुन्या प्लेटवरच्या एका ठिपक्याला हलकेच लावायचं आणि नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या. त्या ठिपक्याला आम्ही कॉलनी म्हणतो. एका जिवाणूपासून वाढलेलं ते अख्खं गणगोत असतं. कोणती कॉलनी उचलली ते मी दर वेळी वहीत लिहिते आणि शेजारी छोटंसं चित्र काढते. माझ्या वह्या बघायला लोक यायचे. म्हणजे दोघं आले होते, पण आले होते.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत वीज गेली आणि मोठा फ्रीजर बंद पडला. त्यात गोठवून ठेवलेले सगळे मूळ नमुने वितळून सडले. मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, डोक्याला हात लावून बसल्या. तेव्हा मी इनक्युबेटरचं, म्हणजे प्लेटा उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार उघडलं आणि माझ्या बेचाळीस प्लेटा त्यांच्यासमोर ओळीने मांडल्या. सगळे जिवंत. त्या दिवसापासून मी जरा नाकाने कांदे सोलत फिरत होते, हे कबूल करते.

तर एका बुधवारी भिंगरी माझ्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. ती बसली, यावरूनच मी ओळखलं की काहीतरी भलतंच झालंय. पीएचडी करणाऱ्या या मुलीला भिंगरी हे नाव मीच दिलं. सहा वर्षांत ती दोन मिनिटं एका जागी थांबलेली मी पाहिली नव्हती. तिने एक पत्र माझ्या हातात दिलं.

पत्र बाहेरच्या परीक्षकांचं होतं. भिंगरीच्या प्रबंधातला जिवाणू त्यांनी आमच्याकडून मागवून स्वतः तपासला होता. दिलेल्या नमुन्यात कसलीही हालचाल आढळली नाही, सबब मूळ निकाल संशयास्पद वाटतात, असं लिहिलं होतं. एकोणीस दिवसांनी समिती बसणार होती. तिच्यापुढे भिंगरीने जिवाणूची हालचाल दाखवायची, नाहीतर प्रबंध नामंजूर.

"नामंजूर झाला तर एक वेळ होऊ दे," ती म्हणाली. "पण मावशी, त्यांना वाटतंय मी निकाल रचले."

"कुणाला वाटतंय?"

"सगळ्यांनाच. डबा खायला गेले की बोलणं थांबतं."

इथे तिचा जिवाणू सांगायला हवा. त्याचा नंबर सतरा, म्हणून आम्ही त्याला सतराच म्हणतो. आमच्या इमारतीमागे पाण्याच्या टाकीजवळ एक रानटी झुडूप उगवायचं, त्याच्या मुळांशी असलेल्या मातीत तो भिंगरीला सापडला. झुडूप तहानलं की त्याच्या मुळातून एक द्रव्य पाझरतं. सतराला त्याचा सुगावा लागतो, आणि मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत तो मुळाशी जातो, तिथे बस्तान बसवतो, मुळाभोवती चिकट थर धरतो आणि ओल टिकवतो. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच. तो फक्त एवढंच बघतो की आत्ता जे लागतंय ते मघापेक्षा जास्त की कमी. जास्त असेल तर शेपट्या फिरवत सरळ जातो. कमी असेल तर अडखळतो, कोलांटी खातो आणि दुसऱ्या दिशेने निघतो. दोन-तीन सेकंदांपूर्वीचं लक्षात ठेवून तो एवढा शहाण्यासारखा वागतो. आमच्या घरात दोन दिवसांपूर्वीचं लक्षात ठेवून वागणारं कुणी नाही.

चार वर्षांपूर्वी भिंगरीने हे प्रयोग केले तेव्हा मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा ती दर वेळी फ्रीजरमधला मूळ नमुना घ्यायची. पुढे ती कॉम्प्युटरसमोर बसून लिहीत राहिली आणि सतराला पुन्हा कुणी पोहायला सांगितलं नाही. परीक्षकांना गेलेला नमुना माझ्या सोमवारच्या प्लेटवरचा होता, कारण दुसरा उरलाच नव्हता.

"त्यांना मऊ अगार ओतता येत नसेल," मी म्हणाले. "उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. माझ्या हातचं कल्चर, माझा वाढवलेला जिवाणू, आजवर बिघडलेला नाही. ऊठ, आपण करून दाखवू."

मऊ अगार म्हणजे इतकं सैल की त्याच्या आतून जिवाणूंना पोहता यावं. मधोमध एक थेंब सोडायचा. पोहणारा जिवाणू असेल तर दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती पाण्यातल्या तरंगासारखं वर्तुळ पसरलेलं दिसतं. मी वीस प्लेटा ओतल्या. गुरुवारी सकाळी वीसही थेंब जिथल्या तिथे होते. मी पाणी बदललं, अगारची नवी बाटली फोडली, तापमान एका अंशाने खाली आणलं, रविवारीसुद्धा जाऊन बसले. सतरा ढिम्म. थेंबात वाढला, जाड झाला, पण तसूभर हलला नाही.

सोमवारी मी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली. भिंगरीला तारीखवार दाखवायचं होतं की सतरा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे आणि एकही सोमवार चुकलेला नाही. पान उघडलं. पहिल्या सोमवारचं चित्र होतं: काठाला झालर असलेला ठिपका, ओल्या कागदावर शाई पडावी तसा. शेजारी माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "कडा पसरलेली, टाकली. शेजारची गोल घेतली."

मी पान उलटलं. दोन सोमवार सोडून पुन्हा तेच. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग चित्रं हळूहळू गोल होत गेली, आणि पाचव्या महिन्यानंतर सगळे ठिपके बांगडीने आखल्यासारखे होते. पुढे वहीनंतर वही तसेच.

मला हे काम ज्यांनी शिकवलं त्यांनी सांगितलं होतं, गोल, चकचकीत, सुटी उभी असलेली कॉलनी उचलायची. पसरलेली दिसली की समजायचं बाहेरची घाण शिरली. ते चूक नव्हतं, बहुतेक वेळा तसंच असतं. पण सतराची कडा पसरायची ती घाणीने नाही. जे पोहणारे होते ते काठाकडे धावत होते, म्हणून ती झालर होती. आणि मी दर खेपेला धावणारे टाकून बसणारे निवडत होते. शिवाय बसल्या जागी भरपेट जेवण देत होते. इतक्या लाडात शेपटी फिरवायची गरज कुणाला पडते?

"सापडलं का मावशी?" भिंगरीने दारातून विचारलं.

"ही ती वही नाही," मी म्हणाले आणि वही मिटली. मी खोटं बोलले. एकतीस वर्षांत त्या खोलीत बोललेलं पहिलं खोटं ते असावं, आणि तेही त्या पोरीशी.

घरी गेले तेव्हा आमचे हे अजून आले नव्हते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. लोक ज्या वेळी घरी जाऊ बघतात नेमक्या त्याच वेळी लिफ्टा अडकतात. सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी चष्मा पुसत बसल्या होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. शाळेत मुलांचं अक्षर सुधारायला त्यांना खास नेमलेलं होतं, आणि अजूनही माझ्या किराण्याच्या यादीतल्या वेलांट्या त्या सुधारतात. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. जिवाणूंचं त्यांना कितपत कळेल याची मला शंका होती.

त्यांना जरा जास्तच कळलं.

"तुझा नवरा जन्माने डावखुरा आहे, माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या.

"पेचकस डाव्या हातात धरतात, ते बघते ना रोज."

"मी त्याचा डावा हात खुर्चीला रिबिनीने बांधायची. दोन वर्षं. वर्गातल्या मुलांसमोर माझाच मुलगा डाव्या हाताने लिहितो, हे मला बरं दिसत नव्हतं." त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "अक्षर सुंदर झालं त्याचं. पण आधी तो चित्रं काढायचा. भिंती भरून. ते थांबलं ते थांबलंच."

"त्यांना कधी बोललात?"

"नाही. आधी वाटलं, लहान आहे, काय कळणार. मग वाटलं, विसरला असेल. आता साठीला आलाय, आता सांगून काय उपयोग." मग माझ्याकडे बघून त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं, "तुझं सांगून अजून उपयोग आहे की नाही?"

उपयोग होता. चौदा दिवसांचा उपयोग होता.

मंगळवारी सकाळी मी वही उघडून भिंगरीसमोर ठेवली. तिने पहिली पाच पानं वाचली. मी काही न लपवता सांगितलं, काल खोटं बोलले तेही सांगितलं.

"सहा वर्षं, मावशी," ती म्हणाली. "मी रात्री झोपत नाहीये. मला वाटायला लागलं होतं की मीच काहीतरी चुकीचं पाहिलं."

"तू बरोबर पाहिलंस. मी चुकीचं उचललं."

"तुम्ही काल का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

ती उठली आणि खोलीत फेऱ्या मारायला लागली. तिला माझ्यावर रागवायचं होतं, आणि ती रागवली. काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही, सगळं रास्त होतं. पण ती फिरत होती हे बघून मला आतून बळ आलं.

"मूळ माती हवी," ती फिरता फिरता म्हणाली. "पण टाकीपाशी आता आहे काय? सिमेंट. गाड्या लावायला सगळं झुडूप उपटून सपाट केलंय. फ्रीजर गेला, झुडूप गेलं, आता माती आणायची कुठून?" आणि बाहेर पडताना तिने दार उघडं राहावं म्हणून ठेवलेली, वाटेत आलेली काचेची बरणी पायाने बाजूला सारली.

माझ्या खोलीचं दार आपोआप मिटतं. हात भरलेले असताना ते उघडायचं कसं, म्हणून मी त्याला एक जड बरणी टेकवून ठेवते. आम्ही दोघींनी एकदमच खाली बघितलं. बरणीवरच्या पिवळ्या पडलेल्या कागदावर भिंगरीच्याच अक्षरात लिहिलं होतं: टाकीजवळ, मूळ क्रमांक तीन, आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख. साफसफाईत ती बरणी फेकायला निघाली होती आणि मी म्हटलं होतं, राहू दे, दाराला होईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

माती वाळून खडखडीत झाली होती. तेच चांगलं होतं. आजूबाजूला सगळं आटत चाललंय हे सतराला कळलं की तो स्वतःभोवती जाड कवच घालून, आतला सगळा कारभार बंद करून पडून राहतो. त्याला बीजाणू म्हणतात. वर्षानुवर्षं तो तसा राहू शकतो आणि पुन्हा ओल आणि अन्न लागलं की उठतो. आम्ही चिमूटभर माती पाण्यात कालवली आणि ऐंशी अंशांवर दहा मिनिटं ठेवली. बिनकवचाचे सगळे मेले. उरलेले मी प्लेटांवर पसरले.

आणि तिथे मी पुन्हा तीच चूक केली. हाताला जी सवय ती सवय. मी माझं नेहमीचं भरपेट अगार ओतलं होतं. गुरुवारी प्लेटांवर इतकी दाटी झाली होती की कोण कुठला काही कळेना. मिळाले तेवढे जाड, सुस्त ठिपके. अकरा दिवस उरले होते. भिंगरी भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी स्वतःला अशा शिव्या घातल्या ज्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं.

"तुमच्या हातचं खाऊन कोण हलणार?" ती म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात थोडी चेष्टा होती.

"म्हणजे काय करू?"

"उपाशी ठेवा. मातीत कुठे रोज ताट वाढलेलं असतं?"

मग मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पाणचट स्वयंपाक केला. नेहमीच्या अन्नाचा शंभरावा भाग, वर नुसतं पाणी आणि अगार. ओतताना माझा जीव तुटत होता. माती दहा पट, शंभर पट, हजार पट पाण्यात पातळ केली, म्हणजे ठिपके सुटे उगवतील. शुक्रवार गेला, शनिवार गेला. सोमवारी सकाळी मी इनक्युबेटर उघडला. प्लेटांवर फिकट, जेमतेम दिसणारे ठिपके होते, आणि त्यांतल्या काहींच्या काठाला झालर होती.

एकतीस वर्षं ज्या ठिपक्यांवर मी नाक मुरडलं ते मी एक एक करून उचलले. एकसष्ट निघाले. मातीत काय एकटा सतराच राहत नाही. त्यामुळे भिंगरीने त्यांतल्या प्रत्येकाची ओळख पटवणारी चाचणी लावली. ती दोन दिवस खुर्चीला टेकली नाही. गुरुवारी तीन जणांची ओळख पटली. ते सतरा होते. शुक्रवारी आणखी एक गोष्ट हाती आली: तिने माझ्या प्लेटवरच्या आणि बरणीतल्या सतराची जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोघं एकाच घरचे. फक्त माझ्याकडच्याच्या जनुकांत, शेपटी घडवण्याच्या सूचनेत, एक जागा मोडलेली होती. त्याला मुळाचा सुगावा कदाचित अजूनही लागत असेल. पण जाणार कसा?

मॅडमनी आम्हाला दोघींना केबिनमध्ये बोलावलं. त्या वाईट बाई नाहीत; सतरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलंय आणि त्यांनी कधी आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही.

"प्लेट दाखवा, छानच होईल," त्या म्हणाल्या. "पण बाई, ती वही कशाला न्यायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. नमुना पाठवताना वाटेत खराब झाला म्हणू. असं होतं कधी कधी. तुमची निवृत्ती चौदा महिन्यांवर आलीय. आणि उरलेल्या एक्केचाळीस कल्चरांचं काय? लोक त्या सगळ्यांवर शंका घेतील."

"घ्यायलाच हवी, मॅडम," मी म्हणाले. "तीच तार आणि तीच नजर मी सगळ्यांना लावलीय."

"विचार करा."

"केला. ही पोरगी खोटी नाही हे दाखवायला आपण निघालोय. आणि त्यासाठी तिला खोटं बोलायला लावायचं?"

मॅडमनी वही ओढून घेतली आणि दोन पानं चाळली. मग म्हणाल्या, "वहीला कव्हर घाला. पानं सुटत चाललीत." याचा अर्थ काय घ्यायचा तो मी घेतला.

समिती सोमवारी दहा वाजता बसली. एकतीस वर्षांत प्रथमच मी सोमवारची अदलाबदल दुपारवर ढकलली. लांब टेबल होतं, चार माणसं होती, आणि मधोमध ते बाहेरचे परीक्षक: बारीक आवाजाचे, इस्त्रीच्या सदऱ्यातले वयस्कर गृहस्थ. मी त्यांना मनातल्या मनात पंधरा दिवस बोल लावले होते. खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना जे मिळालं ते त्यांनी प्रामाणिकपणे तपासलं होतं.

भिंगरीने प्लेटा मांडल्या. प्रत्येक प्लेटमध्ये एका बाजूला तहानलेल्या झुडपाचं मूळ होतं, दुसऱ्या बाजूला पाणी प्यायलेल्या झुडपाचं. ती झुडपं तिने खिडकीतल्या कुंड्यांमध्ये बियांपासून जगवली होती. मध्ये सतराचा थेंब. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. वर्तुळ पसरलं होतं, आणि तहानलेल्या मुळाच्या बाजूला ते ठळक फुगून पुढे गेलं होतं. ओळख पटलेल्या तिन्ही सतरांचं तसंच. शेजारी माझ्या प्लेटवरच्या सतराचा थेंब होता, बसलेला.

परीक्षकांनी प्लेट उजेडात धरली, फिरवली, खाली ठेवली. "हे सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हा तोच जिवाणू असेल तर मला मिळालेला का हलत नव्हता? की हा वेगळाच आहे?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि वही त्यांच्यापुढे उघडी ठेवली. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. माझ्या हुद्द्याची माणसं तिथे फक्त पाणी ठेवायला येतात.

त्यांनी वाचलं. "या 'टाकली'चा अर्थ?"

"फेकून दिली, साहेब. उकळून, कचऱ्यात."

"कुणी?"

"मी. अक्षर माझं आहे. पोहणारे काठाला होते आणि मला तो काठ घाणेरडा वाटायचा. मी दर वेळी गोल निवडली."

"असं किती वेळा झालं?"

ते मी आधीच मोजून ठेवलं होतं. "पाच महिन्यांत अकरा वेळा. बाराव्या वेळी टाकायला कुणी उरलं नव्हतं."

परीक्षकांनी पान उलटलं, मग पुढचं, मग पुढचं, आणि भिंगरीचा शेपटीच्या मोडलेल्या जागेचा कागद त्या वहीशेजारी ठेवून दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि स्वतःच्याच पत्रावर, 'संशयास्पद' या शब्दावर, आडवी रेघ मारली. त्यांना ते सगळ्यांसमोर करायची गरज नव्हती. त्यांनी केलं, म्हणून माझ्या मनातले पंधरा दिवसांचे बोल मी परत घेतले.

"प्रबंधात हे सगळं यायला हवं," ते म्हणाले. "जसं घडलं तसं."

दुपारी मी एक्केचाळीस प्लेटा हलवायला बसले. हात सवयीने गोल ठिपक्याकडे जात होता. मी तो दर वेळी थांबवला, आणि प्रत्येक प्लेटवरून गोल, वाकडी, पसरट, जी असेल ती प्रत्येक तऱ्हेची कॉलनी उचलली. घरी जायला दोन तास उशीर झाला.

महिन्याभराने भिंगरी छापायला जाणारा प्रबंध घेऊन आली. आभाराच्या पानावर तिने लिहिलं होतं, "सतराला जिवंत ठेवणाऱ्या आमच्या मावशींना."

"हे काढ," मी म्हणाले.

"का? खोटं आहे का? तुम्ही नसता तर फ्रीजरबरोबर तो नंबरसुद्धा गेला असता. बरणीसुद्धा तुमच्याचमुळे राहिली."

"खरं आहे, पण अर्धं आहे. कार्यपद्धतीच्या भागात मी काय केलं ते लिहिलंयस, तिथे कोण म्हटलंयस?"

तिने ते पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, "हस्तांतरण करताना अनवधानाने निवड झाली." कुणी केली ते कुठेच नव्हतं. जशी काही तार आपोआप उडत जाऊन ठिपक्याला लागत होती.

"इथे माझं नाव घाल. पूर्ण."

"मावशी, मी नाही घालणार. जन्मभर राहील ते."

"राहायलाच हवं. उद्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत, जिवाणूंचं जेवण शिजवायच्या खोलीत, माझ्यासारखीच कुणीतरी नीटनेटकी बाई बसलेली असेल. तिला कळू दे की हे माणसाच्या हातून होतं, आणि माणूस ते सांगू शकतो. लिही. मी इथून हलणार नाही."

मी स्टुलावर बसले. ती फेऱ्या मारत राहिली. शेवटी तिने लिहिलं.

छापील प्रत मी घरी नेली. सासूबाईंना ते पान काढून दिलं. त्यांनी चष्मा घालून बोट फिरवत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"तुझं नाव छापलंय," त्या म्हणाल्या. "चुकीशेजारी."

"हो."

"तूच सांगितलंस छापायला?"

"हो."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि टेबलावर सरळ करून ठेवलं. बाहेरच्या खोलीत आमचे हे पंख्याचा कसला तरी भाग उघडून बसले होते, पेचकसाचा आवाज येत होता. सासूबाई थोडा वेळ तो ऐकत राहिल्या.

"त्याला आत बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि तू पण बस इथेच."

मी ह्यांना हाक मारली.